नळाच्या अर्जातले परके शब्द

विषय : यमुताई खोचरे, वय बहात्तर, यांना घरात नळजोडणी मिळणेबाबत.

यमुताई आमच्या शेजारी. या वयात गल्लीच्या टोकावरून हंडे आणतात, म्हणून अर्ज मी लिहून दिला. नगरपालिकेचे नवे मुख्याधिकारी विंझेसाहेब यांनी तो तिसऱ्यांदा परत पाठवला. शेरा तोच : "परकीय शब्द वापरले आहेत. नामंजूर."

चाळीस वर्षे कारकुनी केलेला माणूसही वैतागतो. शब्दकोश काखेत मारून मी यमुताईंसह साहेबांपुढे उभा राहिलो.

"काका, 'अर्ज' अरबी आहे," साहेब म्हणाले. "शुद्ध भाषेत लिहा."

"लिहितो. पण तुमचं 'नामंजूर' फारसीतून आलंय," मी पान उघडून दाखवलं. "खालची 'सही' अरबी, 'शिक्का' अरबी, 'साहेब'सुद्धा अरबीच. तुमच्याच नियमाने हा नकार परत घ्यावा लागेल. अर्जातला 'नळ' मात्र संस्कृतातला आहे. तेवढा द्या."

"आणि त्यात पाणी सोडा म्हणजे झालं," यमुताई म्हणाल्या.

साहेबांनी कोश ओढून घेतला, बराच वेळ पानं चाळली, 'नामंजूर' खोडलं आणि वर लिहिलं : "प्रलंबित."

शब्द अस्सल संस्कृत आहे, मी तपासला. अर्ज आजही प्रलंबित आहे.