शत्रूची साक्ष

विषय: कै. भिवा सटवाजी सणगर याच्या नावे वीरगळ उभारण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: मठाधिपती निर्वैरनाथ यांचा भर दरबारातील तोंडी अर्ज.

उपरोक्त विषयाची हकिकत येणेप्रमाणे.

खडकावती नावाच्या राज्यात मल्लदेव नावाचा राजा होता. नदीपलीकडे मांडवखेडचे राज्य होते. दोघांचे वैर जुने होते. देव मात्र एकच होता. पुजारी वेगवेगळे असल्यामुळे त्याची कोणाला अडचण होत नसे.

खडकावतीत लढाईत पडलेल्या माणसासाठी वेशीबाहेर कोरीव दगड उभारत. त्याला वीरगळ म्हणत. दगडावर तीन चौकटी असत. खालच्या चौकटीत त्याची लढाई, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर देवापुढे हात जोडून बसलेला तो. दगड उभा करण्यापूर्वी एक अट होती. शत्रूकडच्या कोणीतरी येऊन सांगायचे, की हा माणूस आमच्याशी समोरासमोर लढला.

ही अट राजाच्या पणजोबांनी घातली होती. त्यांचे म्हणणे असे, की आपला मेलेला प्रत्येक माणूस आपल्याला शूरच वाटतो, तेव्हा आपल्याला विचारून उपयोग नाही.

अट विचित्र होती, पण चालत असे. एकदा मांडवखेडचा एक हात तुटलेला शिपाई साक्षीला आला. म्हणाला, "माझी तलवार हातातून पडली तेव्हा हा थांबला. मी ती उचलल्यावर त्याने माझा हात तोडला. पुढे आमच्या भाल्याने तो गेला. माणूस चांगला होता." मग तो जेवला, आणखी एक पुरणपोळी मागून घेतली आणि आपल्या गावी गेला. लढाई ही चांगली गोष्ट आहे, असे मात्र त्यानेही म्हटले नाही.

भिवाचे प्रकरण निराळे होते. तो घोंगड्या विणणाऱ्या सटवाजीचा थोरला मुलगा. दोन्ही राज्यांत तह झालेला असताना तो मांडवखेडच्या आठवडे बाजारात घोंगड्या विकायला म्हणून गेला. गठ्ठ्यात राळ आणि तेल दडवलेले होते. बाजार भरात आल्यावर त्याने गठ्ठा पेटवला. दुकाने म्हणजे गवताची पाले होती, वारा होता. बाजार जळाला, माणसे जळाली आणि भिवाही जळाला.

हे देवाचे काम आहे, असे निर्वैरनाथांनी त्याला सांगितले होते. देवाने हे निर्वैरनाथांच्याच कानात का सांगितले आणि त्यांनी स्वतः न जाता भिवाला का पाठवले, हे मठात कोणी विचारले नाही. मठात प्रश्न विचारायची वेळ आरतीनंतरची होती आणि आरती लांबत असे.

निर्वैरनाथ बुवांनी भिवाचा दगड आधीच कोरायला दिला होता. वरचा देव तयार होता. मधल्या अप्सरा तयार होत्या. खालची चौकट तेवढी कोरी होती.

"लढाईत समोर कोण दाखवू, बुवा?" पाथरवटाने विचारले होते.

"ते सावकाश बघू," बुवा म्हणाले होते. "आधी देवाचा मुकुट नीट कर."

सटवाजीचा धाकटा मुलगा दौलू रोज हा दगड पाहायला जाई. एकदा तो पाथरवटाला म्हणाला, "माझा दगड दादाच्या दगडापेक्षा वीतभर उंच ठेव." हे सटवाजीने ऐकले. त्या दिवसापासून त्याचा माग बंद पडला. दगड उभा राहिला तर गेलेला मुलगा थोडासा परत मिळणार होता आणि असलेला जाणार होता. दगड हवा म्हणावे की नको म्हणावे, हे त्याला कळेना. म्हणून तो दरबारात नुसता उभा होता.

राजाने अर्ज ऐकला आणि विचारले, "साक्षीदार कोण?"

"साक्षीला खुद्द देव आहे, महाराज," निर्वैरनाथ म्हणाले.

"देव शत्रूच्या बाजूचा आहे का?"

"शिव शिव! देव आपला आहे."

"मग तो घरचा साक्षीदार झाला. चालत नाही."

बुवा म्हणाले, "बरं, देव सगळ्यांचा आहे."

"तर मग त्या दिवशी तो बाजारातही असणार," राजा म्हणाला. "त्याला साक्षीला बोलवायचा पहिला मान त्या लोकांचा."

राजाने मांडवखेडला निरोप पाठवला. कोणी येईल असे कोणालाच वाटले नव्हते. तरी पुढच्या दरबाराच्या दिवशी झाडून सगळे गाव हजर होते. नदी ओलांडून एक बाई आली. गोदू तिचे नाव. ती बांगड्या विकणारी कासारीण होती. तिच्या एका हाताला मनगटापासून कोपरापर्यंत फडके गुंडाळलेले होते.

"बाई, भिवा तुमच्याशी कसा लढला, ते सांगा," राजा म्हणाला.

"कोण भिवा?"

"ज्याने बाजार पेटवला तो."

"मी त्याला पाहिलंच नाही, महाराज. माझी पाठ होती. एका पोरीच्या हातात बांगडी चढवत होते. पोरगी म्हणत होती, 'मावशी, दुखतंय.' मी म्हटलं, 'जरा कळ काढ.' मग काही दिसलंच नाही. माझी बहीण पलीकडे मीठ घ्यायला गेली होती. तिनेही पाहिलं नसणार. आमचं कोणाशी भांडण चाललंय, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर बाजारात कशाला गेलो असतो?"

मग तिने इकडेतिकडे पाहिले. "त्याचं कोणी आहे का इथे? तो दिसायला कसा होता, तेवढं विचारायचं होतं. रोज डोळ्यांपुढे येतो, पण तोंड नसतं त्याला."

सटवाजीने तोंड उघडले. "उंच होता," तो म्हणाला. "हसला की एका गालाला खळी पडायची."

निर्वैरनाथ पुढे झाले. "महाराज, हिचं दुःख आम्ही मानतो. पण वेशीवरचा सर्वांत मोठा दगड आपल्या काकांचा, रणमल्लांचा आहे. त्यांनी लढाईत मांडवखेडची कोळीवस्ती लोक झोपेत असताना जाळली होती. त्या दगडाला साक्ष कोणी दिली?"

बुवांनी मुद्द्याचे बोलणे हे क्वचितच घडत असे.

"महाराज, ती रीतसर पुकारलेली लढाई होती," प्रधान घाईने म्हणाले. "विजयाचा आनंद होता. साक्ष घ्यायची राहून गेली."

"लढाई रीतसर पुकारली म्हणून झोपलेल्या कोळ्याच्या हातात तलवार येते का, प्रधानजी?" राजाने विचारले. लहानपणी काकांनीच त्याला घोड्यावर बसवले होते. तरी तो म्हणाला, "काकांचा दगड खाली उतरवा. कोळीवस्तीतलं कोणी येऊन साक्ष देईपर्यंत तो आडवाच राहील."

"म्हणजे दोघे सारखेच ठरले!" बुवा म्हणाले.

"त्या जळालेल्या माणसांपुरते सारखेच. बाकी नाही. लढाईला एक नियम होता, तो काकांनी मोडला. म्हणून त्यांच्या दगडावर कोळीवस्ती कोरलेली नाही, तिथे भलतीच लढाई दाखवली आहे. आम्हाला लाज वाटली आणि आम्ही ते लपवलं. तुमच्या कामात मात्र बेसावध माणूस मारणं हाच बेत होता, आणि तुम्हाला ते देवाच्या पायाखाली कोरून मिरवायचं आहे. बरं, मिरवा. खालची चौकट अजून कोरी आहे ना? पाथरवटाला सांगा, समोर ही बाई दाखव, पाठमोरी. हातात बांगडी. पलीकडे मीठ घेणारी तिची बहीण. मग वरचा देव त्यांच्याकडे बघत कसा बसतो, ते आपण सगळेच बघू."

बुवा म्हणाले, "या चौकटीचा विचार करावा लागेल."

"करा," राजा म्हणाला. "अर्ज तोवर राहू दे."

दरबार उठला. सटवाजी दौलूला म्हणाला, "या मावशींना पैलतीरी सोडून ये. घरापर्यंत जा."

"मी? मांडवखेडला?"

"दादा गेला होता ना? मग तूही जा. घोंगड्या नेऊ नकोस, एवढंच."

दौलू गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी परतला. त्याने तिथे काय पाहिले, ते कोणाला सांगितले नाही. संध्याकाळी मठातून बोलावणे आले, तर म्हणाला, "सुताला पीळ देतोय, वेळ नाही." दगडाच्या उंचीबद्दल तो पुन्हा बोलला नाही. सटवाजीचा माग मात्र सुरू झाला. भिवासाठी तो घरातच, कोणी नसताना, रडत असे. त्याला परवानगी लागत नसे.

निर्वैरनाथांनी त्यानंतर दोन वेळा अर्जाची आठवण करून दिली. दोन्ही वेळा त्यांना चौकटीत काय कोरायचे, असे विचारण्यात आले. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. वेशीबाहेर दोन दगड आडवे आहेत. एक रणमल्लांचा, साक्षीदाराची वाट पाहणारा. दुसरा भिवाचा, वर देव आणि खाली काहीच नसलेला. प्रस्तुत अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य: समोर उभ्या असलेल्या सशस्त्र माणसाशी लढणे आणि पाठमोऱ्या, बेसावध माणसाला जाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीवर देवाचे नाव कोरले म्हणून ती पहिली होत नाही, आणि राजाचे नाव कोरले तरीही होत नाही.