पताका पडण्याआधीचा गुलाल

गावाबाहेरच्या एका मोठ्या माळावर मोटारींच्या शर्यतीचा रस्ता होता. वळणावळणांचा, गुळगुळीत, डांबरी. दरवर्षी तिथं मोठी शर्यत व्हायची आणि तिच्या आदल्या दिवशी चाचणी. चाचणीचा नियम अगदी सोपा होता. अर्धा तास रस्ता खुला. वाटेल तितक्या फेऱ्या मारा, तुमची सगळ्यात वेगवान फेरी धरली जाईल. पंचांनी पताका खाली टाकली की खेळ संपला. पहिले सहाजण उद्या शर्यतीत पळणार, बाकीच्यांनी कठड्याला टेकून बघायचं.

रणधीर चौगुले तीन वर्षं असाच कठड्याला टेकून बघत होता. दरवर्षी सहाच्या बाहेर राहायचा आणि दरवर्षी घरी जाऊन दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही. यंदा मात्र त्यानं गावातल्या दोस्तांना हाताशी धरून स्वतःची मोटार बांधली होती. त्याला त्या सहांत यायचं होतं. दुसरं काही नको होतं.

पाठीराखे म्हणून अख्खं गाव आलं होतं. पुढारीपण अर्थातच सर्जेरावमामांकडं. मामांनी हलगीवाले आणले होते. घरचे गणपती नुकतेच गेले होते, त्यातला उरलेला गुलालही पोत्यानं आणला होता. मोटारीच्या चाचणीला हलगी कशाला, असं विचारणारा माणूस त्या गावात जन्मायचा होता.

भाद्रपदातलं आभाळ. त्याचा काय भरवसा! चाचणी सुरू झाली आणि धो धो पाऊस कोसळला. सगळ्यांनी पाण्यात पकड धरणारे, खोल खाचांचे टायर चढवले आणि मोटारी दबकत दबकत निघाल्या. एकजण पहिल्याच वळणावर गिरकी खाऊन गवतात गेला. दुसरा त्याच्याकडं बघता बघता त्याच्याच मागं गेला.

रणधीर मात्र जन्मभर चिखलाच्या वाटेनं दुधाचा टेम्पो हाकत आलेला. घसरणारी गाडी त्याला नवी नव्हती. त्यानं जी फेरी मारली, ती बघायला हवी होती! वळणावर मागचं चाक सुटलं, त्यानं ते अलगद सावरलं, दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडाले आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मोटार समोरून निघून गेली. कर्ण्यातून आवाज आला, "रणधीर चौगुले, पहिला!"

मग काय विचारता! हलगी कडाडली. लोक कठड्यावरून उड्या टाकून आत आले. रणधीर टायर तपासायला मोटार रस्त्यावरून बाजूला घेऊन आला होता, तिलाच सगळ्यांनी गराडा घातला.

"ये भाईर, वाघा!" सर्जेरावमामा ओरडले.

"मामा, पताका पडली न्हाई अजून. येळ हाय."

"आरं, ह्या पावसात तुझ्याम्होरं कोण जाणार? तीन वर्सं झुरलास लेका. आता तरी हास की!"

रणधीर घुटमळला. आत बसून राहावं असं त्याला वाटत होतं. पण बाहेर त्याच्या नावाचा गजर चालला होता, आणि असला गजर तीन वर्षांत पहिल्यांदाच कानावर पडत होता. अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं हेल्मेट काढलं आणि बाहेर आला.

क्षणात तो खांद्यावर होता. पोतं फुटलं. पावसात भिजलेला गुलाल तो! त्याचा लाल चिखल झाला आणि रणधीरच्या केसांवर, कपड्यांवर, मोटारीच्या बसायच्या जागेवर थापला गेला. हेल्मेट कुणाच्या तरी डोक्यावर चढलं आणि तो इसम तसाच नाचत गर्दीत गडप झाला.

पलीकडं शमा नदाफ नावाची एक मुलगी आपल्या मोटारीत बसून होती. चाचणीत तिचा नंबर नववा. तिनं हेल्मेट काढलं नव्हतं, पट्टाही सोडला नव्हता. ती आभाळाकडं बघत होती. खिंडीतून वारं सुटलं, पाऊस थांबला आणि लख्ख ऊन पडलं. डांबरातून वाफा निघायला लागल्या.

"चाचा, टायर बदला," ती म्हणाली. "कोरड्यात पळणारे गुळगुळीत लावा."

तिचे चाचा दस्तगीर चपापले. "पोरी, रस्ता वला हाय अजून. गवतात जाशील."

"एक फेरी जपून मारते. तवर वाळंल. आन् न्हाई वाळलं तर नववी हायच की मी."

चाचांनी टायर चढवले. पहिल्या फेरीत मोटार दोनदा घसरली, बघणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला. पण वारं आणि ऊन आपलं काम करत होतं. रस्त्यावर कोरडा पट्टा उमटला, आणि त्या पट्ट्यावरून शमा जी सुटली! कर्णा गरजला, "शमा नदाफ, पहिली!"

ते बघून बाकीचेही टायर बदलून धावले. रणधीर दुसरा झाला. तिसरा झाला. खांद्यावर बसल्या बसल्या पाचवा झाला.

"उतरवा मला!" तो ओरडला. पण हलगीपुढं कुणाला ऐकू येतंय! लोकांना वाटलं, गडी आनंदानं ओरडतोय. त्यांनी त्याला आणखी उंच उचललं.

शेवटी त्यानं वरूनच उडी मारली. मग पळापळ झाली. कोरड्या रस्त्याच्या टायरांवर गावातले दोन म्हातारे ऐसपैस बसले होते, त्यांना उठवून टायर चढवले. मोटारीत बसावं तर गुलालाच्या चिखलानं पाय ब्रेकवरून सटकत होता, तो सदऱ्यानं पुसला. आणि हेल्मेट? हेल्मेट घालून नाचणारा इसम पार टोकाला सापडला. तो अजून नाचतच होता. रणधीरनं ते त्याच्या डोक्यावरून ओढलं, मोटारीत शिरला आणि निघाला.

कर्णा बोलला, "रणधीर चौगुले, सातवा."

एक फेरी. फक्त एक फेरी मिळाली असती तर त्यानं मैदान मारलं असतं, एवढा तो पेटला होता. मोटार रस्त्याच्या तोंडाशी पोचली. आणि समोर पंचांनी पताका खाली टाकली.

हलगी थांबली. मला विचाराल तर त्या गावाचा राग येण्यापेक्षा कीवच जास्त आली.

पलीकडं शमाच्या गावचे लोक गुलाल घेऊन धावले. तिनं आतूनच हात वर केला. "शर्यत उद्या हाय. पोतं बांधून ठेवा."

सर्जेरावमामा रणधीरजवळ आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "चुकलं आमचं, रणधीरा. आमी तुला भाईर वढलं."

रणधीर मोटारीतून उतरला. त्या माळावर नखशिखांत गुलालानं माखलेला तो एकटाच माणूस होता, आणि उद्या त्यालाच पळायचं नव्हतं.

"तुमी गुलाल उधळला, मामा," तो म्हणाला. "हेल्मेट मी काढलं."

तात्पर्य: आपली माणसं मायेपोटी लवकर नाचतात, त्यात त्यांचा दोष नाही, पण काम ज्याचं आहे त्यानं ते पुरतं होईपर्यंत जागा सोडू नये.