खंडेनवमीचं निरांजन

रंगाच्या कारखान्यात थिनरच्या टाकीपाशी काम करणाऱ्या बायका धास्तावल्या होत्या. परवा गोदाक्का चक्कर येऊन पडली आणि शुद्धीवर आल्यावर तिला लेकीचं नावच आठवेना. पण मालक सरपोतदार ठणकावून सांगत, "थिनरची वाफ मर्यादेच्या आत आहे. भीती वाटते तिने घरी बसावं!"

खंडेनवमीला मालक यंत्रांच्या पूजेला आले. त्या बायकांपैकी सगुणाने टाकीला खेटूनच पूजेचं ताट मांडलं आणि बंद काडेपेटी त्यांच्यापुढे धरली.

"साहेब, निरांजन लावा."

मालक पांढरेफटक पडले आणि दाराकडे धावले. "वेड लागलंय का तुला? इथली हवा पेट घेईल!"

सगुणा जागची हलली नाही.

"साहेब, ज्या हवेत तुम्ही काडी ओढायला घाबरता, तीच आम्ही दिवसभर छातीत ओढतो."