जुरेमाबाईंची परकी भाषा

जुरेमाबाई ब्राझीलहून बोस्टनला आल्या. वीस वर्षं त्यांनी लोकांची घरं पुसली आणि रोज थोडी थोडी करत पोर्तुगीजमध्ये एक कादंबरी लिहिली. ती त्यांनी तिथल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांच्या, साहित्य मंडळाच्या बक्षिसासाठी पाठवली. मंडळाचे अध्यक्ष एवारिस्तो म्हणजे मिशीला पीळ देत बोलणारे गृहस्थ. असले पुष्कळ पाहिलेत मी! त्यांनी केक-कॉफी झाल्यावर भर सभेत कादंबरी परत केली.

“बाई, लॅटिनो म्हणजे आम्ही स्पॅनिश बोलणारे. तुमच्या भाषेतलं आम्हाला एक अक्षर कळत नाही. मग हे पुस्तक आमचं कसं?”

जुरेमाबाई जवळ गेल्या आणि पोर्तुगीजमध्येच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “साहेब, तुमच्या मिशीला केकचं क्रीम लागलंय.”

अध्यक्षांचा हात झटकन मिशीवर गेला. मिशी अगदी स्वच्छ होती.

“एक अक्षर कळत नाही ना?” बाईंनी विचारलं. “मग हात कशाला उचललात?”

सभा खो खो हसली. अध्यक्ष पुटपुटले, “ठेवा ते पुस्तक इथे.”

“ठेवते. वाचताना कुठे अडलात, तर मिशीला विचारा!”