शेवटचे तीस फूट

"म्हणजे रस्ता दारापर्यंत आला, की आजच देणार ना, माई?"

हिंदुराव मुळीक सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होते.

माई मठाच्या ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. वय शहाऐंशी, पण हाताला कंप नाही. डोंगराच्या खांद्यावरच्या त्या तीन खणांच्या मठात ती एकटी राहायची आणि मागेल त्याला, तिला वाटेल तेव्हा, अनुग्रह द्यायची. म्हणजे कानात एक नाव सांगायची. जन्मभर पुरेल असं.

हिंदुराव ते नाव चार वर्षं मागत होते.

"दारापातूर रस्ता कर, मग बघू," असं तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. सांगितलं साधंच होतं. पण ऐकणारा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला कार्यकारी अभियंता होता. त्यांनी घरी जाऊन लगेच अंदाजपत्रक तयार केलं.

मग एक वर्ष नकाशात गेलं. दोन वर्षं ग्रामपंचायतीच्या ठरावात. एक छातीच्या दुखण्यात.

आता कुठे कार्तिकात सगळं जमून आलं होतं. जेसीबी दोन दिवस भाड्यानं आणला. चढ तासला, दगड काढले, मुरूम पसरला. काल संध्याकाळी जेसीबी परत गेला आणि आज सकाळी रोलर आला. तोही भाड्याचाच, फक्त आजच्या दिवसापुरता. पाचला ट्रेलर येऊन त्याला घेऊन जाणार होता.

"आजच," माई म्हणाली.

हिंदुरावांना भरून आलं. बायको गेल्यापासून त्यांना घर खायला उठायचं. धरायला काहीतरी हवं होतं. ते आता काही तासांवर आलं होतं.

"नऊशे फुटांपैकी आठशे सत्तर फूट दाबून झालाय, माई. शेवटचे तीस राहिलेत. पाणी मारायचं, दाबायचं, पुन्हा पाणी मारायचं. दोन तासांचं काम."

"बरं."

"असा रस्ता या तालुक्यात नाही. मी स्वतः उभं राहून करून घेतलाय."

"उभं राहून..." माई म्हणाली आणि एक शेंग सोलली.

हिंदुरावांना ती दाद वाटली.

"यंत्रं एवढी अवजड. उतरवलीस कुटं?"

"ती तर गंमतच झाली. खाली डांबरी रस्त्याला लागून एक सपाट जागा मिळाली. काय टणक जमीन, माई! खडा म्हणून नाही. मी आयुष्यात इतकी नीट दाबलेली जमीन पाहिली नव्हती. जेसीबी तिथंच उतरवला, तिथंच वळवला. मुरूमही तिथंच टाकून घेतला."

"कुणाची जागा?"

"मोकळी होती. बाजूच्या घराला कुलूप होतं. मधोमध एक लाकडाचा खांब तेवढा आडवा येत होता. काढून बाजूला ठेवला."

माईचे हात थांबले.

...

"खांब," ती म्हणाली.

"हो. जुनाच होता."

पुढची शेंग तिच्या हातातच राहिली. हिंदुराव तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथं राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं, कारण साहेबांच्या रागाला उत्तर कसं द्यायचं ते त्यांना येत होतं.

"मी... खाली जाऊन येतो," ते म्हणाले.

उतरताना त्यांना दोन गोष्टी आठवल्या. त्या जमिनीला शेणाचा वास येत होता. आणि जेसीबीचा ऑपरेटर तिथं चाक घालण्याआधी एकदा त्यांच्याकडे वळून बघत होता. ऑपरेटर विचारणार होता. हिंदुरावांनी हातानं 'चल, घे' केलं होतं. त्यांचं सगळं बालपण शहरातल्या पेठेत गेलेलं, ती जमीन कसली ते त्यांना ओळखू आलं नव्हतं. पण विचारणाऱ्याला गप्प बसवण्याची सवय पेठेतली नव्हती, ती खात्यातली होती.

खाली घराचं कुलूप निघालं होतं. उंबऱ्यात नव्हे, त्या सपाट जागेच्या कडेला एक बाई उकिडवी बसली होती. तिच्या मागे लेक आणि जावई उभे होते. बायडाक्का शेलार. नाचणी कापून झाली, म्हणून मळणीच्या मदतीला लेकीला आणायला गेली होती. ती आत्ता पोचली होती.

जाण्याआधी तिनं खळं केलं होतं. आठ दिवस माती चोपून, पाणी शिंपडून, पुन्हा चोपून, वर तीन हात सारवून. मधे बैल फिरवायचा तिवडा रोवला होता. तोच खांब.

आता तिथं जेसीबीनं पाय रोवले त्या जागी दोन खड्डे होते. चाकांच्या नक्षीचे चर पडले होते आणि एका अंगाला उरलेला मुरूम पसरला होता.

हिंदुरावांनी शिव्या ऐकायची तयारी केली.

"साहेब," बायडाक्का म्हणाली, "उद्या मळणी हाय वो."

एवढंच म्हणाली. आभाळाकडे एकदा बघितलं. नाचणीच्या कणसांचा ढीग परड्यात उघडाच होता आणि चार दिवसांपासून दक्षिणेकडून ढग येत होते.

हिंदुरावांनी खिशात हात घातला. मग तो तसाच बाहेर काढला. उद्याच्या मळणीला नोट पसरून चालणार नव्हती.

वरून रोलर घरघरत होता. हिंदुरावांनी हात केला, तसा दस्तगीर खाली आला. तीस वर्षं रोलर चालवणारा माणूस. तो खळ्यावरून एकदा चालला, टाच मारून बघितली.

"बसतंय साहेब," तो म्हणाला. "खड्डं भरून, पानी मारून रोलर घातला तर दोन तासांत बसतंय. थरथर बंद ठेवतो, न्हाईतर आक्काची भिंत यायची खाली."

"आणि वरचे तीस फूट?"

"ट्रेलर पाचला येतोय. उद्यापास्नं मशीन दुसऱ्या कामावर. शिमग्यापातूर मोकळं न्हाई."

शिमगा. म्हणजे चार महिने. माई शहाऐंशीची. हिंदुरावांच्या छातीत दोन स्प्रिंगा...

"सांगा साहेब. वर घालू, का हितं?"

हिंदुराव चढाकडे बघत उभे राहिले. रस्ता खरंच सुंदर झाला होता. दोन्ही अंगांना पाणी वाहून जावं असा उतार, मधे कुठे पोट नाही. आणि टोकाला, मठाच्या पायरीखाली, तीस फूट उघडा मुरूम. त्यांच्या चार वर्षांतला तेवढाच तुकडा राहिला होता. त्यांना रडू येईल असं वाटलं.

"इथं घे," ते म्हणाले.

इंजिन चालू होतं. दस्तगीरनं कानामागे हात धरला. हिंदुरावांना ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा जड गेलं.

मग काम सुरू झालं. जावयानं खड्डे भरले. लेकीनं विहिरीवरून पाणी आणलं. रोलर मागेपुढे, मागेपुढे, हळू. हिंदुराव सवयीनं कडेला उभे राहिले होते.

"साहेब," बायडाक्का त्यांच्या हातात घागर देत म्हणाली, "बघून जमीन भिजत न्हाई."

लेक पदर तोंडाला लावून हसली. हिंदुरावांनी बूट काढले.

चारच्या पुढे रोलर बाजूला झाला. तिवडा पुन्हा रोवला. मग सारवण. बायडाक्कानं शेण कालवलं, ओंजळभर त्यांच्यापुढे टाकलं, हात कसा अर्धगोल फिरवायचा ते दाखवलं. हिंदुरावांचा पहिला हात गोल गेला, दुसरा वाकडा.

"रस्ता न्हवं ह्यो. दाबू नका, नुसतं पसरा," ती म्हणाली. "हां. आता बरं. सून केली असती तुमाला."

दस्तगीरसकट सगळे हसले. हिंदुरावही हसले. कंबर भरून आली होती, धोतराला ओल लागली होती, आणि त्यांना फार बरं वाटत होतं. चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो कामांवर सह्या केल्या होत्या. एखादं काम हाताला चिकटलेलं आठवत नव्हतं.

पाचला ट्रेलर आला. रोलर चढला. दस्तगीरनं जाताना सलाम केला तो साहेबाला करतात तसा नव्हता, ओळखीच्या माणसाला करतात तसा होता.

बायडाक्का चहा टाकायला आत गेली. हिंदुराव रस्ता चढू लागले. माईला सांगणं भाग होतं.

आठशे सत्तर फूट ते चालले. पुढे सुटा मुरूम सुरू झाला, तिथं थांबले. तीस फुटांवर ओसरीत माई बसली होती. शेंगा कधीच सोलून झाल्या होत्या.

"का थांबलास?" तिनं तिथूनच विचारलं.

"रस्ता इथपर्यंतच झाला, माई."

"दिसतंय की."

"पाचच्या आत नाही जमलं. रोलर आता शिमग्यानंतर मिळेल. तोवर थांबेन मी. तुम्हीही थांबा."

...

माईनं काठी घेतली आणि उठली.

"माई, येऊ नका. दगड सुटे आहेत. पाय मुरगळेल."

ती येत राहिली. एक पाय, काठी, दुसरा पाय. मुरूम तिच्या टाचेखाली सरकत होता. हिंदुराव दोन पावलं पुढे सरसावले.

"थांब तिथंच," ती म्हणाली.

ते थांबले.

तीस फुटांना तिला बराच वेळ लागला. दाबलेल्या रस्त्यावर पाय पडला तसं तिनं एकवार खाली बघितलं. ओलं खळं संध्याकाळच्या उन्हात हिरवट काळं दिसत होतं. लेक कडेला रांगोळीची दोन बोटं ओढत होती.

माईनं काठी बगलेत धरली आणि दोन्ही हात पुढे केले.

हिंदुरावांना समजायला क्षणभर लागलं. माई अनुग्रह देते तेव्हा साधकाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरते, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं. लोक त्यासाठी पहाटे आंघोळ करून, धुतलेलं नेसून यायचे. हिंदुरावांचंही नवं उपरणं गाडीत घडी करून ठेवलेलं होतं.

त्यांनी आपला हात पाठीमागे घेतला.

"माई, हात शेणानं भरलाय. खाली जाऊन धुऊन येतो. लगेच आलो."

"धुऊ नगं," माई म्हणाली. "त्योच दे."