सर्पगंधेचा संताप

झाडं पायांनी चालत होती तेव्हाची गोष्ट. सुतारपक्षी प्रत्येकाचं कडू सत्त्व चाखून त्याच्या रेणूचा सांगाडा ओळखायचा आणि सारख्या सांगाड्यांना एका रांगेत उभं करायचा. त्यानं सर्पगंधेला विषारी काजऱ्याशेजारी लावलं, तशी ती भडकलीच.

"मेल्या, मी तापलेली डोकी शांत करते! हा आचके द्यायला लावून मारतो!"

"ताई, आधी स्वतःचं डोकं शांत करा की," काजरा म्हणाला.

"मी सांगाडा बघतो, गुण नाही," सुतारपक्षी म्हणाला.

"मग घाल तुझी रांग चुलीत!" पाय आपटत ती माळावर एकटी जाऊन उभी राहिली.

काजऱ्याच्या भीतीनं वैद्य त्या रांगेकडे फिरकत नव्हता. आता तो कुदळ घेऊन धावतच आला.

"बघ रे काजऱ्या, माझे गुण ओळखणारा आला!" ती ओरडली, आणि पहिला घाव तिच्या मुळावर बसला.