बारशाच्या दिवशीचे पाणी

घाटमाथ्यावरच्या एका वस्तीत एकदा असे घडले.

वस्तीच्या वरच्या अंगाला, जांभळीच्या राईत, एक झरा होता. जागा मलाप्पा शेठ यांच्या मालकीची. काजूचा व्यापार करणाऱ्या या सद्गृहस्थांनी झऱ्याखाली टाकी बांधली, नळ टाकले आणि घराघरांत पाणी पोहोचवले. त्याबद्दल कोणाकडून कधी काही घेतले नाही. टाकीची देखभाल त्यांनी शाळेतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गुरुजींकडे सोपवली होती. गुरुजींची जुनी विद्यार्थिनी अनसूया त्यांच्या हाताखाली ते काम शिकत होती. टाकी धुवायची, औषध टाकायचे, ठरल्या वेळी पाण्याचा नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेत पोहोचवायचा. दरड कोसळली किंवा पूर आला, तर पाणी तपासून आल्याखेरीज पुन्हा सोडायचे नाही, असा नियम होता. मात्र योजना खासगी आणि एवढीशी. नियम पाळला जातो की नाही हे पाहायला वरून कधी कोणी आले नव्हते.

भाद्रपदातले दिवस होते. धुके इतके खाली उतरले होते की घरे, झाडे, माणसे जणू पाण्याच्या तळाशी हालचाल करीत आहेत असे वाटे. शेठजींच्या नातीचे बारसे होते. पाहुणे आदल्या दिवशीच येऊन उतरले होते आणि सकाळी नेमकी झऱ्याच्या वरची थोडी दरड घसरली. पाणी घटकाभर गढूळले, मग पुन्हा निवळले. अनसूया धावत पोहोचली तेव्हा टाकीचा तळ स्वच्छ दिसत होता. तिने ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला. थंडगार, निर्मळ पाणी. तिच्या जिवात जीव आला.

मागून गुरुजी आले. त्यांनी पाण्याकडे पाहिले आणि वस्तीकडे जाणाऱ्या नळाचा मोठा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. मग तिच्या हाती नमुन्याची बाटली देऊन तालुक्याला जायला सांगितले. इकडे लोकांनी टाकीवरून हवे तेवढे पाणी न्यावे, पण खळखळून उकळल्याशिवाय ते कोणाच्या तोंडी लागू देऊ नये, असा निरोप घरोघर धाडला.

ऐन बारशाच्या दिवशी नळ कोरडे पडले. स्वयंपाक खोळंबला, बायका चढणीवरून हंडे वाहू लागल्या, कुजबुज सुरू झाली. अखेर मलाप्पा शेठ स्वतः वर आले. ते रागावले नव्हते, दुखावले होते. आजोबांपासून सारे हेच पाणी पीत आलो, आज व्याह्यांसमोर ते विषासारखे झाकून ठेवायचे का, असे त्यांनी विचारले.

"गुरुजी, इथं बघायला कोण येणार आहे?"

"कोणीच येणार नाही, शेठ," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर मी इथं बसलोय."

शेठजी खाली उतरले. टाकी त्यांची होती, गुरुजींना बाजूला करून व्हॉल्व्ह उघडणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. परसात चूल पेटवायला सांगून ते स्वतः लाकडे सारीत बसले. त्या दिवशी पाहुणे उशिरा जेवले, कोमट पाणी प्याले आणि व्याही थोडे घुश्शातच परतले.

अनसूया धुक्यातून घाट उतरत होती. नमुन्याची बाटली ठेवलेला बर्फाचा डबा तिने छातीशी धरला होता. चालता चालता तिला भास होऊ लागला की आपण एकट्या नाही. वस्तीतली सारी माणसे, पाळण्यातली ती चिमुकलीसुद्धा, मुकाट्याने आपल्याबरोबर चालत आहेत. तिने मागे वळून पाहिले. मागे नुसते पांढरे धुके होते.

दोन दिवस ती तालुक्याला मावशीकडे राहिली. अहवाल मिळताच परतली, ती हिरमुसल्या चेहऱ्याने. पाण्यात कसलाही दोष नव्हता.

"गुरुजी, पाणी शुद्धच होतं," ती म्हणाली. "उगाच साऱ्यांचे हाल केले आपण. शेठजींचा मान गेला तो वेगळाच."

गुरुजींनी तिला टाकीच्या कठड्यावर बसवले.

"शुद्ध होतं, बरोबर. पण त्या सकाळी हे तुला ठाऊक होतं का? पाणी सोडलं असतंस, तर सगळे सुखरूप राहिले असते आणि दैवाची मेहेरबानी तुला स्वतःचं शहाणपण वाटली असती. पुढच्या दरडीला तू नमुनाही घेतला नसतास." त्यांनी खाली वस्तीकडे बोट दाखवले. "बाळ, तहानलेला माणूस पाणी तपासत नाही. देणाऱ्यावर भरवसा टाकतो आणि पितो. शंका घ्यायची त्याला सवडच नसते. त्याच्या वाट्याची शंका आपण घ्यायची. पाणी देणाऱ्याचं काम ते एवढंच."

अनसूयेने अहवालाची घडी घातली. मग तो घेऊन ती शेठजींकडे गेली. त्यांनी तो दोनदा वाचला, नातीला मांडीवर घेतले आणि तिच्या ओठांवरून हलकेच बोट फिरवले. दरडीच्या जागी दगडी बांध घालायचे त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवले. व्याह्यांना काय सांगायचे ते मी पाहतो, असेही म्हणाले.

अनसूया पुन्हा वर गेली. गुरुजींनी मानेने खूण केली आणि तिने दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह उघडला. मातीखालून पाणी उतरत गेल्याचा आवाज हळूहळू दूर गेला. धुके विरळ होत होते. खाली एकेका दारात नळ वाहू लागला. कोणी हंडा लावला, कोणी ओंजळ धरली, एका मुलीने नळालाच तोंड लावले. टाकीकडे मान वर करून कोणीच पाहिले नाही.

त्यांना पाहावे लागू नये, यासाठीच आपण इथे उभ्या आहोत, हे अनसूयेला तेव्हा उमगले.